जुन्या स्पोर्ट्स गाड्यांतला पाचवा गिअर

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतला चार गिअरचा मूळ गिअरबॉक्स उतरवायचा आणि त्या जागी नंतरच्या काळातल्या एखाद्या साध्या मोटारीचा पाच गिअरचा बॉक्स बसवायचा, ही रीत १९८० च्या दशकापासून ब्रिटन आणि अमेरिकेत चांगलीच रुजली. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार अशा नावांच्या कितीतरी गाड्या आज फोर्ड, टोयोटा किंवा माझदाच्या गिअरबॉक्सवर धावतात. याचे श्रेय सहसा तांत्रिक प्रगतीला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाचव्या गिअरचे काम करणारी युक्ती यातल्या बऱ्याच गाड्यांकडे आधीपासून होती. नवा गिअरबॉक्स आला तो मुख्यतः दोन कारणांनी: रस्ते बदलले, आणि भंगारात तो मुबलक मिळू लागला.

या गाड्यांचा नमुना म्हणून एमजीबी घेता येते. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. इंजिन १,७९८ सीसीचे, गिअर चार. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा फेरा जसाच्या तसा मागे जातो आणि मागच्या ॲक्सलमध्ये ३.९ पट कमी होतो. परिणामी इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना गाडीला ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग मिळतो. ही आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्लंडचे वळणावळणाचे गावरस्ते होते. तिथे गाडी सतत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खेळवायची आणि मोकळा पट्टा दिसला की चौथा टाकायचा, एवढीच अपेक्षा. पण १९५९ च्या नोव्हेंबरात एम-वन मोटरवेचा पहिला मोठा टप्पा खुला झाला आणि तासन् तास एकाच वेगाने जाण्याची सोय झाली. १९६५ च्या अखेरीस मोटरवेवर ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा आली. त्या वेगाला चार गिअरची एमजीबी ३,९०० फेऱ्यांवर ओरडत असते. इंजिन हे सोसते, पण कापडी छताखाली बसलेल्याच्या कानांना आणि पेट्रोलच्या टाकीला ते सोसत नाही.

दुसरी अडचण पहिल्या गिअरची होती. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दोन भाग जोडायचे असतात. त्यांचा वेग आधी जुळवून घेण्यासाठी पितळी रिंग आणि शंकूचे घर्षण वापरणारी सिंक्रोमेशची रचना कॅडिलॅकने १९२८ मध्येच बाजारात आणली होती. पोर्शने १९५२ पासून ३५६ च्या चारही गिअरना ती दिली. ब्रिटिश कारखाने मात्र पहिल्या गिअरबाबत हात आखडता घेत राहिले. गाडी उभी असतानाच पहिला टाकायचा, मग त्याला सिंक्रो कशाला, असा हिशेब. जग्वारच्या ई-टाइपला १९६४ पर्यंत आणि एमजीबीला १९६७ पर्यंत पहिल्या गिअरचा सिंक्रो मिळाला नाही. चढावर किंवा गर्दीत चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा ठोसा, पुन्हा क्लच आणि मग गिअर. जमले तर गिअर लोण्यासारखा पडतो, नाही जमले तर दातांची करकर पुढच्या चौकापर्यंत ऐकू जाते. या पहिल्या गिअरचे दातेही सरळ कापलेले असत, त्यामुळे गिअर नीट पडला तरी रडका आवाज यायचाच.

मोटरवेच्या अडचणीवरचा इलाज मात्र घरचाच होता. एडगर द नॉर्मनव्हिल या अभियंत्याच्या कल्पनेतून शेफील्डच्या लेकॉक कंपनीने तयार केलेले ओव्हरड्राइव्ह दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश गाड्यांत येऊ लागले. गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेला हा एक स्वतंत्र डबा असतो. आत मध्यभागी सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचाके आणि बाहेर आतून दाते असलेले कडे. बटण बंद असताना एक शंकूच्या आकाराचा क्लच स्प्रिंगांच्या जोरावर सूर्यचाक आणि कडे एकत्र धरून ठेवतो आणि सगळा संच एकजीव फिरतो. बटण दाबले की सोलेनॉइड तेलाच्या दाबाला वाट करून देतो. तो दाब क्लचला उलट बाजूच्या स्थिर रिंगवर नेऊन बसवतो, सूर्यचाक जागच्या जागी थांबते आणि ग्रहचाके बाहेरच्या कड्याला आणखी वेगाने पळवतात. क्लचचे पेडल दाबायची गरज नाही. एमजीबीत हे बटण आधी डॅशबोर्डवर होते, पुढे स्टिअरिंगजवळच्या दांडीवर आणि शेवटी गिअरच्या मुठीवर आले. १९६७ नंतरच्या एमजीबीतल्या ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.८२ होते. ते लावले की ताशी ११३ किलोमीटरला इंजिन ३,२०० फेऱ्यांवर उतरते. ही सोय तिसऱ्या गिअरवरही मिळत असल्याने प्रत्यक्षात गाडीला सहा गिअर लाभत.

याच ओव्हरड्राइव्हने ऑस्टिन-हीली १०० मध्ये एक मजेशीर तडजोड घडवली. १९५३ च्या या गाडीत ऑस्टिनच्या सलून मोटारीचा चार गिअरचा बॉक्स वापरला होता. त्याचा पहिला गिअर हलक्या स्पोर्ट्स गाडीसाठी नको इतका आखूड पडत होता, म्हणून कारखान्यानेच तो कायमचा बंद करून टाकला. उरलेल्या तिनांपैकी वरच्या दोहोंवर ओव्हरड्राइव्ह बसवून पाच गिअर केले. म्हणजे दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणून कापूनछाटून जमवणे ही पुढच्या काळातल्या हौशी लोकांची उचापत नव्हे. या गाड्या जन्मल्या तेव्हापासून त्यांच्या कारखान्यांचीच ती रीत होती.

पाचवा गिअर सामान्य मोटारीत आला तो वेगाच्या हौसेने नव्हे, तर पेट्रोलच्या भावामुळे. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर युरोप, जपान आणि अमेरिकेतल्या कंपन्या इंधन वाचवण्याच्या मागे लागल्या, आणि सपाट रस्त्यावर इंजिन सावकाश फिरवणारा पाचवा गिअर हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरला. १९८० च्या दशकात विक्रेते आणि कारकून ज्या सलून मोटारीतून कामावर जात, तिला पाच गिअर असत, आणि रविवारी काढायच्या स्पोर्ट्स गाडीला चार. भारतातही असेच घडले, थोडे उशिरा. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बेसडरमध्ये एमजीबीच्याच घराण्यातले, म्हणजे बीएमसीच्या बी-सिरीजचे १,४८९ सीसीचे इंजिन वर्षानुवर्षे चालले. १९९० च्या दशकात तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, सोबत पाच गिअरचा बॉक्सही आला आणि तीच जुनी बॉडी नव्या चालीने धावू लागली.

ब्रिटनमध्ये या रीतीचा खरा पाया घातला फोर्डच्या ‘टाइप ९’ गिअरबॉक्सने. १९८२ मध्ये आलेल्या सिएरा मोटारीत आणि पाठोपाठ कॅप्रीत तो बसला. रचनेच्या दृष्टीने हा काही चमत्कार नव्हता. फोर्डच्या आधीच्या चार गिअरच्या बॉक्सच्या मागे, शेपटीकडच्या भागात पाचव्या गिअरची जोडी बसवून तो तयार केला होता. पाचव्या गिअरपर्यंत तेल नीट न पोहोचणे आणि खालच्या शाफ्टची बेअरिंग लवकर झिजणे ही त्याची ओळखीची दुखणी. पण सिएरा लाखोंनी विकली गेली, त्यामुळे दशक संपता संपता अपघातात मोडलेल्या आणि गंजलेल्या सिएरांचे ढीग भंगारवाल्यांकडे साचले. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या मोटारी तोवर कमी होत चालल्या होत्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचा आडवा गिअरबॉक्स जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या उपयोगाचा नसतो. अशा वेळी उभ्या इंजिनाला जोडता येणारा, सडपातळ आणि स्वस्त बॉक्स एवढ्या संख्येने मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

आकडे शेजारी ठेवले की गंमत दिसते. नंतरच्या एमजीबीचे गिअर ३.४४, २.१७, १.३८ आणि १.००, वर ओव्हरड्राइव्हचा ०.८२. टाइप ९ चे ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि पाचवा ०.८२. ज्या पाचव्या गिअरसाठी एवढा खटाटोप, त्याचे गुणोत्तर ओव्हरड्राइव्हइतकेच! मोटरवेवर इंजिन एका फेऱ्यानेही अधिक सावकाश फिरत नाही. उलट पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधली दरी वाढते. ५,००० फेऱ्यांवर पहिला सोडून दुसरा टाकला तर जुन्या बॉक्समध्ये इंजिन ३,१५० वर उतरते, टाइप ९ मध्ये थेट २,७०० वर. म्हणूनच क्वाइफसारख्या कंपन्यांनी या बॉक्ससाठी जास्त लांब पहिला गिअर आणि जवळजवळ बसवलेली गुणोत्तरे असलेले संच काढले. कॅटरहॅमच्या गाड्यांत हाच बॉक्स वापरला जात असल्याने त्यांना बाजारपेठही तयार होती. ज्याच्या एमजीबीत ओव्हरड्राइव्ह ठणठणीत आहे, त्याला या बदलातून हाती फारसे लागत नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये. फायदा झाला तो ओव्हरड्राइव्ह नसलेल्या, किंवा पहिला गिअर करकरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांना. १९५५ च्या एमजीएचे मालक त्यात पुढे होते.

प्रत्यक्ष काम मात्र वाटते त्याहून किचकट आहे. एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खाली उतरत नाही. बॉनेट काढून, रेडिएटर बाजूला करून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच साखळीला टांगून वर काढावे लागतात. शिवाय इंजिनामागची घंटेच्या आकाराची बेल हाउसिंग मूळ गिअरबॉक्सच्या आवरणाचाच भाग आहे, त्यामुळे जुना बॉक्स गेला की तीही गेली. म्हणून या धंद्यातल्या छोट्या कारखान्यांनी पुढून एमजीच्या इंजिनाला आणि मागून फोर्डच्या बॉक्सला बसणारी ॲल्युमिनियमची नवी हाउसिंग ओतून घ्यायला सुरुवात केली. तिच्यासोबत गाडीखालचा आडवा पट्टा, बदललेला प्रॉपेलर शाफ्ट आणि क्लचचे भाग असा संच मिळू लागला. पूर्वी प्रत्येक मिस्त्री आपापल्या लेथवर जे करून घेई, ते आता खोक्यात मिळू लागले. ही रीत सर्वसामान्य मालकापर्यंत पोहोचली ती या खोक्यामुळे.

तरीही काही गोष्टी हातानेच जुळवाव्या लागतात. क्लचचे आवरण एमजीचे आणि आतली प्लेट फोर्डच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर बसणारी, अशी सांगड घालावी लागते. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकातल्या बुशात शिरते. दोन गाड्यांची टोके वेगळ्या जाडीची असल्याने नवा बुश घडवावा लागतो. जाणता फिटर एवढ्यावर थांबत नाही. तो फ्लायव्हीलला डायल गेज बांधतो, त्याचा काटा हाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवतो आणि इंजिन हाताने पूर्ण फिरवतो. काटा एकूण जितका हलेल त्याच्या निम्म्याने दोन्ही मध्य एकमेकांपासून सरकलेले. इंचाच्या पाच हजारांश भागाच्या आत, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत काटा राहिला तर ठीक. त्याहून जास्त हलला तर गिअर जड पडतात आणि पुढची बेअरिंग काही महिन्यांतच वाजायला लागते. घाईत ही पायरी गाळली जाते, आणि मग दोष परक्या गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

स्पीडोमीटर ही शेवटची डोकेदुखी. स्मिथ्सच्या डायलवर खाली बारीक आकड्यांत, उदाहरणार्थ १,२८०, असे छापलेले असते. एका मैलात केबलने किती फेरे घ्यावेत याचा तो आकडा. फोर्डच्या बॉक्समधून निघणारी केबल वेगळ्याच हिशेबाने फिरते, त्यामुळे डायल उघडून आतली यंत्रणा नव्याने जुळवावी लागते. गिअरबॉक्स झाकणाऱ्या टनेलची गोष्ट निराळी. १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मालिकेच्या एमजीबीत नव्या गिअरबॉक्ससाठी आणि ऑटोमॅटिकच्या सोयीसाठी कारखान्याने टनेल रुंद केले होते. त्याआधीच्या गाड्यांत जागा अरुंद, आणि एमजीबीला स्वतंत्र चॅसिस नसल्याने टनेल हा बॉडीचाच भाग. तिथे कापाकापी करायची की बॉक्सच्या कडा घासून जमवायचे, हा प्रश्न पुढे केवळ तांत्रिक राहिला नाही.

अमेरिकेत ही वाट अधिक जुनी होती. तिथल्या हॉट-रॉडवाल्यांनी १९३२ च्या फोर्ड रोडस्टरमध्ये १९३९ चा, चांगल्या सिंक्रोचा फोर्ड गिअरबॉक्स बसवणे आणि त्यात लिंकन झेफरचे गिअर घालणे हा जणू नियमच करून टाकला होता. ब्रिटिश गाड्यांची निर्यात बहुतांशी अमेरिकेतच झाली आणि तिथल्या कितीतरी एमजीबी ओव्हरड्राइव्हशिवाय विकल्या गेल्या. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाल्याने काही काळ ते खटकलेही नसावे, कारण त्या वेगाला इंजिन ३,००० फेऱ्यांच्या थोडेच वर असते. १९९५ मध्ये ही राष्ट्रीय मर्यादा रद्द झाली आणि महामार्गांवरची वाहतूक वेगवान झाली. सिएरा तिथे त्या नावाने विकलीच गेली नव्हती, म्हणून अमेरिकी हौशींनी आपल्या भंगारात जे सापडले ते उचलले: ऑस्टिन-हीली स्प्राइट आणि एमजी मिजेटसाठी डॅटसन २१० चा पाच गिअरचा बॉक्स, मोठ्या हीलीसाठी आणि ट्रायम्फ टीआर ६ साठी टोयोटा सुप्राचा. डॅटसनच्या २४० झेड या जपानी स्पोर्ट्स गाडीची कथा तर घरातल्या घरातली. ती अमेरिकेत चार गिअरची विकली गेली आणि तिला पाचवा मिळाला तो तिच्याच वारसदार २८० झेडएक्सचा बॉक्स बसवून.

जग्वार ई-टाइपचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती दाखवली तेव्हा ताशी १५० मैलांचा दावा करणाऱ्या या गाडीत मॉस कंपनीचा जुन्या धाटणीचा गिअरबॉक्स होता, सावकाश आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेला. १९६४ च्या ऑक्टोबरात ४.२ लिटरच्या इंजिनाबरोबर जग्वारने स्वतःचा, चारही गिअरना सिंक्रो असलेला बॉक्स दिला आणि बरीचशी तक्रार मिटली. पण ई-टाइपला ओव्हरड्राइव्ह कधीच मिळाले नाही. तेव्हा इथे पाचवा गिअर ही खरोखरची गरज होती. आधी जग्वारच्याच १९८३ च्या एक्सजे-एस ३.६ मधला गेट्राग कंपनीचा पाच गिअरचा बॉक्स वापरून पाहिला गेला. मग अमेरिकेतून बोर्ग-वॉर्नरचा टी-५ आला. हा बॉक्स १९८० च्या दशकात फोर्ड मस्टँगपासून शेव्हरोले कमॅरोपर्यंत अनेक गाड्यांत बसत होता. १९९६ मध्ये त्याचे उत्पादन ट्रेमेककडे गेले, त्यामुळे तो नवाकोरा मिळत राहिला. मस्टँगमधल्या त्याच्या एका प्रकारात पाचवा गिअर ०.६८ चा आहे. मोटरवेवर सुमारे ३,००० फेऱ्यांवर चालणारे ई-टाइपचे इंजिन त्याने २,००० च्या आसपास आणून ठेवले.

१९९० नंतर या गाड्यांच्या किमती चढू लागल्या तसा या रीतीचा स्वभाव बदलला. आधी टनेल कापले तरी कोणाचे काही जात नसे. आता मूळ गिअरबॉक्स तेल भरून, नंबर लिहून गॅरेजच्या फळीवर जपला जाऊ लागला, आणि एकही भोक न पाडता बसणारा, पुन्हा काढता येणारा संच हा विक्रीचा मुद्दा झाला. सरकारी नियमांची नजर या बदलाकडे एकसारखी नाही. ब्रिटनच्या वाहन नोंदणी यंत्रणेने फेरफार झालेल्या गाडीची ओळख ठरवण्यासाठी अनेक वर्षे गुणांची पद्धत वापरली. तीत चॅसिस किंवा बॉडीला ५ गुण, ट्रान्समिशनला २ आणि इंजिनाला फक्त १; मूळ ओळख टिकवायला १४ पैकी ८ पुरत. भारताने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत चॅसिस, बॉडी आणि इंजिनातल्या फेरफाराला मनाई आहे. गिअरबॉक्सचा त्यात वेगळा उल्लेख नाही, तरी गाडी मूळ स्वरूपात ठेवण्याची सर्वसाधारण अट आहे. मुंबई-पुण्यातल्या जुन्या एमजीच्या मालकाला पाचवा गिअर बसवण्याआधी या अटीचा विचार करावाच लागतो.

दरम्यान ज्यांचे गिअरबॉक्स उसने घेतले जात होते त्या गाड्याही म्हाताऱ्या झाल्या. फोर्डने १९८९ पासून सिएरात टाइप ९ ऐवजी एमटी ७५ वापरायला घेतला, आणि भंगारातून सिएरा जवळपास नाहीशी झाली. आता टाइप ९ चे सुटे भागच नव्हे, तर आवरणेही नव्याने बनवली जातात. दुसरीकडे १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चा हलका, झटपट पडणारा बॉक्स पुढे आला. या माझदात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे एमजीत बसवताना तिचा आधार मागे राहतो आणि नवा आधार घडवावा लागतो.

कारखान्यांनीही शेवटी हीच वाट धरली. १९८८ पासून एमजीबीची बॉडी पुन्हा तयार होऊ लागली, आणि तिच्यावर आधारलेल्या १९९३ ते १९९५ च्या एमजी आरव्ही ८ मध्ये रोव्हरचे व्ही ८ इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. अशा सुमारे दोन हजार गाड्या झाल्या, त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. जग्वारने तर २०२१ मध्ये ई-टाइपच्या साठाव्या वर्षानिमित्त आपल्या क्लासिक विभागातून नूतनीकरण केलेल्या बारा गाड्या सहा जोड्यांनी काढल्या. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या आवरणाचा, सगळ्या गिअरना सिंक्रो असलेला पाच गिअरचा बॉक्स कंपनीने नव्याने आखून घेतला.